गवताचा कावळा

आमच्या घरात ड्रोन उडाला की भांडण व्हायचं, हे ठरलेलं. वर त्याची गुणगुण सुरू झाली की खाली आमच्या मालकांची सुरू. मी चुलीपुढं बसून दोन्ही ऐकायची आन् मनात मनायची, बया, हे दोघं भाऊ एकाच मायीच्या पोटचे हायत का कुठून आनलेत!

मालकांचं नाव बजरंग. थोरले. अंगात पांढरी कापडं, खिशात दोन मोबाईल आन् डोक्यात औंदाची ग्रामपंचायत. धाकटे माझे दीर, गहिनीनाथ. पाटोद्याला जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या दुकानात कामाला. दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळायच्या, संध्याकाळी गाडीवर घरी यायचं, हातपाय धुवायचे आन् ड्रोन घेऊन वरच्या बांधावर जायचं. व्यसन न्हाई, पारावर बसणं न्हाई. एवढा एक नाद.

ड्रोन कामरानभाईचा जुना. कामरानभाईचा पाटोद्यात फोटो स्टुडिओ हाय. त्यांनी नवा घेतला तवा जुना भाऊजींला देऊन टाकला, तेबी ह्या आशेवर की हा गडी लग्नसराईत आपल्यासंगं येईल. एका लग्नाला गेलते की, पार उमापूरला. परत आले ते तोंड पाडून. मी इचारलं, "काय झालं वो? नवरी पसंत पडली न्हाई का?"

"वहिनी, दिवसभर एकच ऐकलं. ए ड्रोनवाल्या, इकडं घे. ए ड्रोनवाल्या, साहेब आले, तिकडं घे. जेवाय बसलो तर नवरीच्या मामानं पानावरून उठवलं, वरात निघाली मनून. मी एकदाबी वर बगितलं न्हाई. नुसता लोकांच्या बोटाकडं बगत व्हतो."

त्यानंतर कामरानभाई दोनदा घरी येऊन गेले. ओट्यावर बसून मला मनायचे, "भाभी, समजवा ह्याला. असा हात हाय तेचा, वाऱ्यातबी ड्रोन हालत न्हाई. मी उडवतो तर मंडपाच्या दोरीत गुतून बसतो. अल्लानं हात दिला आन् हा नुसता हवेत फिरवतो. एक फोटो न्हाई, काय न्हाई."

"काढाय लागलं की उडवायचं राहून जातं, कामरानभाई," भाऊजी मनायचे. "तुमी काढा. मी उडवतो."

"अरे पण बटन हाय ना तेच्यावर! दाबाय काय जातं?"

भाऊजी हासायचे. दाबायचे न्हाईत.

आमचे मालक आतून वरडायचे, "दाबंल कशाला? दाबलं तर कामाला येईल ना ते!"

आता ह्या सगळ्यात एक माणूस मातर भाऊजींच्या बाजूचं. माझी सासू, छबुबाई. मी त्येंला आत्याबाई मनायची. आत्याबाई ड्रोनला टिटवी मनायच्या, कारण बॅटरी उतरली की ते टिट टिट करायचं. मी मनायची, "आत्याबाई, टिटवी अशुभ आसती, दुसरं नाव ठिवा." तर मनायच्या, "अशुभ मानसं आसत्यात. पाखराला कावून नावं ठिवती?"

संध्याकाळी भाऊजी बांधावर उभे आन् आत्याबाई शेजारी दगडावर. मोबाईल त्येंच्या मांडीवर. त्याच्यात वरचं सगळं दिसायचं. आमचं रान, विहीर, सीताफळाचा डोंगर. डोंगराच्या पल्याड आत्याबाईचं माहेर. भाऊ वारल्यापासून त्येंचं जाणं तुटलेलं, भावजय बोलवत नव्हती. भाऊजी ड्रोन डोंगरावरून न्यायचे आन् आत्याबाई पडद्यावर बोट ठिवायच्या, "ते बग देऊळ. ते बग चिंच. हितं आमी झोका बांधायचो." भावजयीच्या अंगणात वाळवण घातलेलं दिसलं की मनायच्या, "बगा की, कुरडया केल्या भवानीनं, एक वानोळा धाडला न्हाई." मी बी जायची कधीमधी, हसून हसून पोट दुखायचं.

दिवाळीच्या पाडव्याला आत्याबाई नवं लुगडं नेसून बांधावर गेल्या आन् मनल्या, "गहिन्या, माजा एक काढ की वरून. देवाला मी कशी दिसती ते बगू दे."

"वरून नुसता पदर दिसतोय, माय."

"मग पदराचा काढ."

"काढू की. कुठं पळून चाललीस का?"

त्या हासल्या. भाऊजींनी ड्रोन डोंगराकडं वळवला.

औंदा पावसानं कापसाची माती केली व्हती. बोंडं फुटली आन् वरून पाऊस, पुन्यांदा फुटली आन् पुन्यांदा पाऊस. मग एकदम ऊन पडलं आन् सगळं रान एकाच येळी पांढरं झालं. येचायला माणूस न्हाई. निम्मं गाव कोयते घिऊन कारखान्याला गेलेलं. मनून घरच्यांनीच येचायचं. मालक सकाळी जरा येचायचे आन् मोबाईल वाजला की जायचे. मामा, मनजी माझे सासरे राधाकिशन, त्येंच्या डोळ्याचं आपरेशन झालेलं, त्येंला धूळ चालत नव्हती. राहिल्या मी आन् आत्याबाई. बोंडाच्या टोकांनी बोटं फाटलेली. रात्री आत्याबाई बोटांला खोबरेल लावायच्या आन् सकाळी पुन्यांदा ओटी बांधून तयार. वय झालं व्हतं वो त्येंचं. पण बसा मनलं की राग यायचा.

त्या दिवशी भाऊजींच्या दुकानाला सुट्टी व्हती. सकाळपासून त्येंनीबी येचलं. दुपार झाली तवा मी भाकरी आनायला घरी आले. भाऊजी मनले, "वहिनी, तुमी येईस्तोर एक चक्कर मारतो," आन् वरच्या बांधावर गेले. आत्याबाई सरीतच व्हत्या.

मी परत आले तवा आत्याबाई कापसाच्या गाठोड्याला टेकून बसल्या व्हत्या. तोंडावर पदर. मी हाक मारली. मनलं, झोप लागली वाटतं. भाकरी सोडली, ठेचा काढला, तांब्या भरला. "आत्याबाई, उठा," मनून हात धरला. हात कोमट व्हता. जीव व्हता मनून कोमट का उनानं तापला मनून कोमट, हे मला आजबी सांगता येत न्हाई. ओटीत कापूस तसाच व्हता. मी मोठ्यानं वरडले. वर ड्रोन घुमत व्हता आन् भाऊजी बांधावरून पळत आले, हातात ते रिमोट तसंच.

डाक्टर मनले, हृदय बंद पडलं. जागच्या जागी. काय करता येत नव्हतं.

काय करता येत नव्हतं, हे मी भाऊजींला कितीदा सांगितलं. पण त्येंच्या मनात दुसरंच व्हतं. राख सावडून आलो त्या दिवशी मी गोठ्यात शेण काढत व्हते. भाऊजी येऊन दाव्याला हात लावून उभे राहिले.

"वहिनी, मी बगितलं व्हतं."

"काय?"

"माय बसलेली. वरून. मी रोज ड्रोन तिच्या डोक्यावर खाली घ्यायचो ना, ती हात हालवायची. हाड हाड करायची. त्या दिवशी दोनदा खाली घेतला. हात हालवला न्हाई. मला वाटलं, येचायचं सोडून गेलो मनून रुसली. मनलं, रुसू दे, संध्याकाळी काढू रुसवा. आन् मी डोंगराकडं गेलो, वहिनी. तिच्या माहेराकडं गेलो फिरवत."

माझ्या हातातली पाटी तशीच राहिली. मला लई रडू आलं, पण त्येंच्याम्होरं रडले न्हाई.

"डाक्टर काय मनले ते ऐकलं ना तुमी?"

"ऐकलं. पण ती रुसून गेली आसंल तर?"

"आवो, आत्याबाई आन् तुमच्यावर रुसत्यात?"

"दहाव्याला समजंल," ते मनले. "कावळा शिवला तर समजायचं."

तेवढी एकच गोष्ट त्येंनी धरून ठिवली. जेवाय बसले तरी तेच, आंगूळ करताना तेच. आईला आग्नी धाकट्यानं द्यायचा, मनून सगळं तेच करत व्हते. कांबळ्यावर निजायचं, एक वेळ जेवायचं. आन् सकाळी अंगणात कावळा आला की त्याच्याकडं बगत बसायचं.

मधी फोटोचं निघालं. दहाव्याला मोठा बोर्ड लावायचा मनून मालकांनी कामरानभाईला बोलवलं. कामरानभाई आले, आधी मामाच्या पाया पडले, रडले. मग मनले, "अम्मांचा एक चांगला फोटो द्या."

आमी शोधाय लागलो. मोबाईल घरात चार. माझ्या मोबाईलात हळदीकुंकवाचे फोटो, त्याच्यात आत्याबाई पाठमोऱ्या, न्हाई तर ताट घिऊन पळताना नुसता हात. मालकांच्या दोन्ही मोबाईलात पुढाऱ्यांचे वाढदिवस, हार, फेटे. भाऊजींच्यात नुसत्या दुकानातल्या मोटारी. आमच्या लग्नाच्या अल्बमात आत्याबाईच्या तोंडावर पदर. निघालं ते आधार कार्ड. त्याच्यावर आत्याबाई अशा बगतायत की कुणीतरी धरून बसवलंय.

"ड्रोनच्या कार्डात बघू ना," कामरानभाई मनले. "रोज उडवायचा. कधी चुकून तरी बटन दाबलं असंल."

भाऊजींनी ड्रोन आनून म्होरं ठिवला. कामरानभाईनं ड्रोन उलटा केला, बारकं झाकण उघडलं, नखानं कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं. आमी सगळे वाकून बगत व्हतो. मामाबी काठी टेकत आले.

"काय हाय का?" मामांनी इचारलं.

"न्हाई, चचा," कामरानभाई हळूच मनले. "कोरं हाय."

मालक उठले. तोंडातून आग निघाली. "आरं, एवढा मोठा कॅमेरा घरात! रोज मायीच्या डोक्यावर घिरट्या घालत व्हतास! शेळ्या बगितल्या, मोर बगितले, लोकांच्या कुरडया बगितल्या, आन् मायीचा एक फोटो न्हाई? एक? आता आधार कार्डावरची माय लावू का मी गावाम्होरं?"

मला मनावं वाटलं, तुमच्या दोन मोबाईलाचं काय वो? मनले न्हाई. रडत व्हते ते बी. मायीचे लेकच ना.

भाऊजींनी ते कार्ड हातात घेतलं, पुन्यांदा ड्रोनात घातलं. "दादा, दहाव्याला शूटिंग करायचं मनत व्हतास ना तू?"

"करायचंच हाय. पुढारी येनार हायत, महाराजाचं प्रवचन हाय. मायीचा दहावा तालुक्यानं बगितला पायजे. कामरान करंल."

"मी करतो," भाऊजी मनले. "मायीचं हाय. मीच काढणार. कामरानभाई, बटन कुठलं ते दाखवा."

कामरानभाईनं माझ्याकडं बगितलं. इतके दिवस ज्याच्यामागं लागलते ते झालं, तर त्येंच्याच्यानं बगवंना. पण दाखवलं. लाल ठिपका लागला की सुरू झालं समजायचं. भाऊजी दोन-तीनदा लावून बगत व्हते, ठिपका लागतो का ते.

दहाव्याला नदीकाठी मंडप घातला. कर्णे लावले. बोर्डावर आत्याबाई दारापेक्षा मोठ्या, डोळे तसेच भ्यालेले. माणूस लई आलं. पांढऱ्या गाड्यांची रांग लागली. मालक हात जोडून एकेकाला खुर्ची देत व्हते. आमी बायका बाजूला चिंचेखाली बसलो व्हतो.

न्हाव्यानं भाऊजींचं डोकं केलं. नदीत आंगूळ करून ते तसेच ओल्या धोतरात आले. पुढं बाभळीवर कावळे व्हते, भरपूर. कालवा चालला व्हता त्येंचा. माझ्या जिवाला बरं वाटलं. मनलं, चला, आज कावळ्यांला तोटा न्हाई.

गुरुजींनी मंत्र मनले. भाऊजींनी पिंड ठिवला. शेजारी द्रोणात आत्याबाईच्या आवडीचं, बाजरीची भाकरी, ठेचा, गुळाचा चहा, एक पिकलेलं सीताफळ. हात जोडले, डोकं टेकलं. लई येळ टेकून व्हते. मग गुरुजी मनले, "सरा सगळे मागं, सरा." माणसं मागं सरली. भाऊजीबी सरले, आन् मालकांनी त्येंच्या हातात रिमोट दिलं.

मुंडण केलेलं डोकं, अंगावर ओलं धोतर आन् हातात रिमोट. कुणी हासलं न्हाई, पण माझ्या शेजारच्या बाईनं मला कोपरानं ढोसलं. "आता हे काय गं, वनमाला?" मी मनलं, "शूटिंग हाय." मला तवाबी काय सुचलं न्हाई बगा. एवढी माणसं, एवढे शहाणे, पुढारी, महाराज, कुणाच्याच डोक्यात आलं न्हाई.

ड्रोन वर गेला. आधी मंडपावरून फिरवला, गाड्यावरून फिरवला. लोकांनी माना वर केल्या, कुणी केस नीट केले, कुणी टोपी. महाराजाचा आवाज कर्ण्यातून चाललेला. तेवढ्यात बाभळीवरून एक कावळा उतरला. पिंडापासून जरा लांब बसला. मान वाकडी करून बगितलं. टुणटुण उड्या मारत म्होरं आला. सगळं गप झालं, महाराजबी थांबले. कावळा आजून म्होरं आला, पार द्रोणाजवळ. भाऊजींचं तोंड मला दिसत व्हतं. ते ड्रोनकडं बगत नव्हते, मोबाईलकडंबी बगत नव्हते. नुसते कावळ्याकडं.

मालक हळूच मनले, "गहिन्या, खाली घे. शिवताना आला पायजे. घे, घे, खाली घे!"

"आवो, नगा!" मी चिंचेखालून वरडले. तवा मला सुचलं. "नगा खाली घिऊ, भ्यायचा तो!"

पण भाऊजींच्या हातानं रिमोटची दांडी वढली व्हती. ड्रोन गुंईऽऽ करत खाली आला. पिंडावरचे तांदूळ वाऱ्यानं हालले. कावळा उडाला. तो उडाला तसं सगळी बाभळच उडाली. काव काव करत आख्खा थवा नदीपल्याड गेला आन् तिकडं उसात उतरला.

भाऊजींनी ड्रोन तसाच वाळूत टेकवला. पंख फिरायचे थांबले. मग नुसती नदी ऐकू यायली.

"येतील, येतील," गुरुजी मनले. "जरा धीर धरा."

धीर धरला. ऊन वर आलं. कावळा न्हाई. मग रिवाजापरमानं एकेकानं म्होरं होऊन बोलायचं सुरू केलं. मेलेल्या माणसाची काय इच्छा राहिली आसंल तर ती पुरी करू मनून सांगायचं, मजी कावळा शिवतो.

आमचे मालक म्होरं झाले. "माय, गहिनीचं लगीन मी लावून देईन. रान वाटणार न्हाई. भांडणार न्हाई." न्हाई आला.

मामांला धरून नेलं. मामा मनले, "छबे, मी येळेवर गोळी खाईन गं. वनमालाला तरास देणार न्हाई. ये आता." एवढ्या माणसात म्हाताऱ्यानं बायकोला नावानं हाक मारली. मी पदर तोंडात घातला. न्हाई आला.

मी गेले. "आत्याबाई, मामाला कवाच उपाशी ठिवणार न्हाई. तुमच्या भावजयीला मी बोलावते, साडी नेसवते. झालं गेलं सोडा." न्हाई.

मागं पुढाऱ्यांची चुळबुळ सुरू झाली. एक गाडी हळूच निघून गेली. मालक तिकडं बगायचे, इकडं बगायचे.

मग भाऊजी गेले. पिंडाम्होरं गुडघ्यावर बसले. मला वाटलं हळूच बोलतील, तर मोठ्यानं बोलले, सगळ्या गावाला ऐकू जाईल आसं.

"माय, फोटो राहिला. काढतो मनलो आन् काढला न्हाई. चुकलं माजं."

वारं नव्हतं. दर्भाची काडीसुद्धा हालंना.

"माय, आता कधी उडवणार न्हाई मी."

कावळा न्हाई.

"माय, मला वाटलं तू रुसलीस. मी दोनदा खाली घेतला. तू हात हालवला न्हाईस, मला वाटलं रुसलीस. मला कळलं न्हाई गं, माय. मला खरंच कळलं न्हाई. तू बसली व्हतीस आन् मी फिरवत बसलो. ये की. एकदा ये. मला शिव्या द्यायला ये."

आमचे मालक मागून मनले, "काय? तू बगितलं व्हतं तिला?" आवाज आसा निघाला की मी पुढं पळाले. वाटलं, हात उचलतात. पण त्येंनी हात उचलला न्हाई. तिथंच वाळूत मटकन खाली बसले, पांढऱ्या कापडासकट. गाव बगत व्हतं. काय लाज राहिली न्हाई आमची, आन् आमच्यात कुणाला त्या लाजंचं पडलंबी नव्हतं.

सावली पायाखाली आली तवा गुरुजी उठले. हळूच मनले, "बाळा, उपाय हाय. दर्भाचा कावळा करू. शास्त्राला चालतो." त्येंनी दर्भाच्या काड्या घेतल्या, मोडल्या, गाठ मारली, एक चोच केली. बोटाएवढा कावळा. भाऊजींच्या हातात दिला. भाऊजी त्याच्याकडं बगत राहिले. गुरुजींनी त्येंचं मनगट धरून पिंडाला लावला. "शिवला," मनले. "उठा आता."

लोक उठले. पंगती बसल्या. कर्णा पुन्यांदा सुरू झाला.

संध्याकाळी घरी थोडी पाव्हणी राहिली व्हती. कामरानभाईनं कार्ड लॅपटॉपला लावून ओट्यावर ठिवलं. चांगलं आलं व्हतं शूटिंग. मंडप, नदी, गाड्या, माणसंच माणसं. पाव्हणे मनत व्हते, "हा बग मी, हा बग तू." मालक भिंतीला टेकून बसलेले, ते बगत नव्हते. कावळा आला तेवढंबी त्याच्यात व्हतं. काळा ठिपका पिंडाकडं जातो, मोठा व्हतो आन् मग न्हाई. कामरानभाईनं पटकन पुढं ढकललं.

मामा लॅपटॉपला नाक लावून बगत व्हते. आपरेशनच्या डोळ्याला लई दिसत नव्हतं. जरा येळानं मनले, "गहिन्या, ह्याच्यात छबी कुठं हाय रं?"

कामरानभाईनं लॅपटॉप मिटला.

"ती न्हाई, आबा," भाऊजी मनले. "ती कशात बी न्हाई." आन् उठून अंगणात गेले.

मी चहा केला. एक कप मामाला अंगणातल्या बाजंवर दिला, पाव्हण्यांची गडबड नको मनून मामाबी भायेर येऊन बसले व्हते. दुसरा भाऊजींला न्यायला गेले. ते तुळशीपशी उकिडवे बसलेले. न्हाव्याच्या वस्तऱ्यानं कानामागं जरा कापलं व्हतं, तिथं रगत वाळलेलं. मी पदरानं पुसायला लागले तर लेकरागत मान म्होरं केली.

"वहिनी," मनले, "गवताचा कावळा चालतो का वो?"

माझ्या जिभेला हाड न्हाई मनतात लोक. कुणाला काय बोलायचं ते मी तोंडावर बोलते. पण त्या टायमाला माझ्या तोंडातून जे आलं ते आसं आलं, "न चालायला काय झालं? गुरुजी काय येडे हायत? तुमच्या आजीचं ठाव न्हाई का तुमाला? मामाच्या मायीला? त्येंलाबी गवताचाच शिवलता. आत्याबाईनंच सांगितलं मला. दिवसभर वाट बगितली, कावळा आला न्हाई, मग गवताचा केला. आन् म्हातारी काय रुसून गेली का? आत्याबाई मनायच्या, देवमाणूस व्हती म्हातारी."

त्येंनी वर बगितलं. दहा दिवसांत पयल्यांदा तोंडावर जरा जीव आला. "खरंच? मायीनं सांगितलं?"

"मग! मी कशाला खोटं बोलू?"

मागं बाजंवरून मामा मनले, "न्हाई गं, वनमाला. तुजं कायतरी चुकतंय. माझ्या मायीला खरा शिवला. पिंड ठिवून मी हात काढतोय न काढतोय तर आला. छबी शेजारीच उभी व्हती माझ्या. कोण मनतं गवताचा?"

मी मान खाली घातली. भाऊजी उठले, माझ्या हातातला कप घेतला आन् बाजंजवळ गेले. मामाच्या हातातला चहा तसाच व्हता, गार झालेला.

"आबा," मनले, "तुमचा गार झालाय. हा घ्या."